म्हातारा घोडा विकण्यापूर्वीं

लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजाराविषयीं प्रसिद्ध आहे. उतारवयाचा घोडा खंगला, म्हणून तो तेथें मिळेल त्या किंमतीस विकूं पाहणाऱ्या शेतकरी बंधूंनीं आधीं त्याचें तोंड पाहावें, असें आमचें मत आहे.

घोड्याच्या दाढा हळूहळू वर येतात व चघळण्यानें झिजतात. झीज सारखी न झाल्यास कडांस धार येऊन गाल व जीभ सोलते. मग जनावर अर्धवट चघळलेला घास टाकतें आणि लिदींत सबंध दाणे दिसतात. धनी वयास दोष देतो; दुखणें मात्र दाढेंत असतें.

वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीजवळ सुमारें १० व्या वर्षीं उभी रेघ दिसूं लागते. १५ व्या वर्षीं ती निम्म्यावर व २० व्या वर्षीं टोकास पोहोंचते. ही रेघ वयाचा अंदाज देते. घोडा निकामी झाला, असें ती सांगत नाहीं. नीट निगा राखल्यास घोडा २५ वर्षेंही जगतो.

यास्तव वर्षांतून एकदां तरी पशुवैद्याकडून दाढा तपासून कानसून घ्याव्या, चंदी भरडून व भिजवून थोडी थोडी द्यावी, आणि थंडींत झूल घालावी. इतकें करूनच विक्रीचा विचार करणें न्याय्य होय.