लुकासला किती गुण द्याल?

विद्यार्थी मित्रांनो, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या पाहा. २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ही संख्या मूळ आहे, असे लिहून ठेवले. १८७६ साली एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसून संयुक्त आहे, हे सिद्ध केले. मात्र तिचा एकही अवयव त्याला ठाऊक नव्हता! अवयव मिळाले ते पुढे १९०३ साली. फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने न्यूयॉर्कच्या एका सभेत १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. एक शब्दही न बोलता त्याने तो फळ्यावर पुरा केला आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात.

कोलची ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. लुकासला मात्र एखादी ओळ मिळते. “अवयव सापडले नाहीत, मग त्याने केले तरी काय?” असे कुणी विचारील. माझे मत असे, की लुकासचे उत्तर अर्धवट नव्हे, ते पूर्ण उत्तर आहे.

कसे ते एका लहान संख्येवर पाहू. फर्माचा एक नियम आहे. २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकाने लहान असा २ चा घात काढून त्याला त्या संख्येने भागा. बाकी १ च उरते. उदाहरणार्थ, ७ साठी २ चा ६ वा घात ६४, आणि ६४ ला ७ ने भागले तर बाकी १. आता ९१ घ्या. २ चा १२ वा घात ४०९६, म्हणजे ९१ × ४५ + १, बाकी १. म्हणून ८४ व्या घाताचीही बाकी १. उरलेल्या ६ घातांचे ६४. म्हणजे ९० व्या घाताची बाकी ६४ आली, १ नव्हे. तेव्हा ९१ मूळ असूच शकत नाही. यात आपण ७ किंवा १३ यांचे नावही काढले नाही! (याच्या उलट मात्र म्हणता येत नाही. ३४१ ची बाकी १ येते, तरी ती ११ × ३१ आहे.) लुकासची कसोटी वेगळी होती, पण जात हीच.

कोलचा गुणाकार कोणीही कागदावर पडताळू शकतो, हा त्याचा मोठा गुण खराच. परंतु “ही संख्या संयुक्त आहे का?” आणि “तिचे अवयव कोणते?” हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दुसरा फार अवघड आहे. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे माहीत आहे. तिचा एकही अवयव संगणकांनाही अजून सापडलेला नाही. २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी.मधील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची एक जलद आणि निश्चित रीत दिली. तीही अवयव सांगत नाही. या दोन प्रश्नांतील अंतरावरच आज संगणकावरील गुप्त संदेशांची एक मोठी पद्धत उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्या निवडून गुणणे सोपे, गुणाकारावरून त्या परत शोधणे महाकठीण.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की “संख्या संयुक्त आहे हे दाखवा” या प्रश्नाला कुणी अवयव न देता बिनचूक कारण दिले, तर पूर्ण गुण द्यावेत. आणि मित्रांनो, तुम्ही १३३ ही संख्या घ्या. २ च्या ९ व्या घाताची बाकी काढा, तिचा वर्ग करून १८ व्या घाताची काढा, आणि तेथून १३२ व्या घातापर्यंत जा. शेवटी ६४ उरतात का, ते स्वतः पाहा.