सुरतेचे दार : सुवाली

सुरत शहर आपण सर्वजण नावाने जाणतो. परंतु त्या शहराच्या वैभवाचे दार असलेले लहानसे खेडे थोड्यांनाच ठाऊक असेल. तापीच्या मुखाच्या उत्तरेस, समुद्रकाठी, सुवाली हे गाव आहे. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत जाऊ शकत नसत. ती सुवालीसमोर नांगर टाकीत. जहाजे आली की रेतीवर तंबू उभे राहत, बाजार भरे आणि कापड व नीळ यांच्या राशी लागत.

१६१२ च्या नोव्हेंबरात येथेच कॅप्टन टॉमस बेस्ट याच्या इंग्रजी जहाजांनी पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली व त्यांची सरशी झाली. १६१५ साली जहांगीर बादशहाकडे निघालेला इंग्रज वकील सर टॉमस रो ह्याच किनाऱ्यावर उतरला. जेरुसलेमहून अजमेरपर्यंत पायी आलेला प्रवासी टॉमस कोरियट १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस वारला. सुवालीच्या परिसरातील एक जुनी घुमटी त्याची कबर होय, असे परंपरा सांगते.

पुढे १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. तेव्हा इंग्रजांच्या प्रमुखाने सुवालीच्या जहाजांवरील खलाशी बोलावून घेतले आणि बंदुकांच्या बळावर आपली वखार राखली. कापुचिन संघाचे फादर आंब्रोज ह्यांच्यापाशी मात्र ना खलाशी होते, ना बंदुका. तरीही त्यांच्या मठास धक्का लागला नाही. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांस उपद्रव देऊ नये, असे महाराजांनी सांगितल्याचे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. डच वखारीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले. कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असे महाराजांस कळले होते.

कालांतराने व्यापार मुंबईस गेला आणि सुवालीचा बाजार उठला. आज शेजारच्या हजिऱ्यास मोठे कारखाने व नवे बंदर उभे आहे. सुवालीस लोक समुद्राची हवा खाण्यास जातात.

वाचकहो, तोफांनी राखलेल्या वखारी गेल्या, जहाजेही गेली. एका पाद्र्याचा आणि एका दलालाचा चांगुलपणा मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही सांगितला जातो. आपल्या गावातही अशी घरे असतील. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांची हकीकत विचारून, लिहून ठेवावी.