काठी कोणती घ्यावी?

माणसाने माणसाला गळ घालण्याचे जेवढे प्रकार आपल्याकडे आहेत, तेवढे माशाला गळ टाकण्याचे नाहीत. ‘आता जेवूनच जा’ ही एक गळ, ‘आमच्या बंड्याचे मार्क जरा पाहा’ ही दुसरी, आणि दिवाळी जवळ आली की संपादकांची ‘लेख द्याच’ ही तर सर्वांत अणकुचीदार. माशाचा गळ मात्र आपल्या पांढरपेशा घरांत फार दिवस रिकामटेकडेपणाचे लक्षण मानला गेला. ‘दिवसभर पाण्याकडे बघत बसतो’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाई, त्याला मुलगी द्यायला कोणी धजत नसे.

ते दिवस आता पालटले आहेत. पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रविवारच्या गाडीत हल्ली एखादा तरुण खांद्याला लांबोडकी पिशवी अडकवून बसलेला दिसतो. पिशवीत बासऱ्या असाव्यात अशा समजुतीने शेजारचे आजोबा कौतुकाने विचारतात, ‘‘गुरू कोण?’’ तरुण सांगतो, ‘‘मोबाइलवर पाहून शिकलो, आजोबा. मासे पकडायचे!’’ आजोबा खिडकीबाहेर पाहू लागतात.

मी मराठीचा अध्यापक. पण खाडीकाठी काढलेल्या रविवारांची संख्या आता इतकी झाली आहे की, आमच्या वसाहतीत ऱ्हस्व-दीर्घाची शंका मला कोणी विचारीत नाही. ‘सर, काठी कोणती घ्यावी?’ हे मात्र सगळे विचारतात. ज्यांच्या हाती यंदाचा बोनस अजून शिल्लक असेल, त्यांच्यासाठी हे उत्तर.

काठी कोणती, या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे : मासा कोणता? दुकानातली जाहिरात आणि मोबाइलवरची चित्रफीत पाहाल तर जगात ‘बास’ नावाचा एकच मासा आहे असे वाटेल. हा अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतला मोठ्या तोंडाचा मासा. त्याच्यामागे तिकडचे लोक किती वेडे आहेत म्हणून सांगू! १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. तो उच्चांक ७७ वर्षे कोणी गाठू शकला नाही. पुढे २००९ साली बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास धरून बरोबरी केली, आणि तीही जपानात, जिथे हा मासा १९२५ साली बाहेरून आणून सोडलेला.

आपल्या पेण-रोह्याच्या पाण्यात हा अमेरिकन बास नाही. पण खट्टू होण्याचे कारण नाही. इंग्रजी पुस्तके ज्याला ‘आशियाई सी-बास’ म्हणतात, तो आपल्या दारातच आहे. त्याचे घरचे नाव जिताडा! बंगाली माणूस त्याला भेटकी म्हणतो, ऑस्ट्रेलियन माणूस बारामुंडी. अमेरिकन बासशी त्याचे नाते केवळ नावापुरते. परंतु मोठे तोंड, दबा धरून झडप घालण्याची सवय आणि गळाला लागताच पाण्याबाहेर उसळी घेण्याचा बाणा, हे तिन्ही गुण दोघांत सारखे. म्हणून बाससाठी घडवलेली काठी जिताड्यालाही चालते. अर्थात काही फरक करून.

जिताड्याची ओळख आमच्या भागात करून द्यावी लागत नाही. पेण-अलिबागकडच्या खारेपाटात गावोगावी तळी आहेत. पावसाळ्यात भरतीबरोबर जिताड्याची पिले खाडीतून आत चढतात. खारबंदिस्तीच्या उघाडीपाशी ती धरायची, तळ्यात सोडायची आणि लहानसहान मासे, कोळंबी खाऊ घालून वाढवायची, ही इथली जुनी रीत. घरात कार्य निघाले, जावई आला, की तळ्यावर माणूस जातो. सरकारी कचेरीत अडलेला कागद जिताड्याच्या पायांनी भराभर चालू लागतो, असेही म्हणतात. इतरत्र माशाला आमिष दाखवतात; आमच्याकडे मासा हेच आमिष!

आता काठी. पूर्वी भरीव वेळूची काठी, तिच्या टोकाला दोरा आणि बुचाचा तुकडा, एवढ्यावर काम भागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर फायबरग्लासच्या काठ्या आल्या, १९७० नंतर कार्बन फायबरच्या. कार्बनची काठी हलकी आणि संवेदनशील. आमिषाला लागलेला नुसता धक्का ती तळहातापर्यंत पोचवते. पण दगडावर आपटली किंवा गाडीच्या दारात सापडली तर तिचा राग कायमचा. फायबरग्लासची काठी जड, पण सोशीक. घरात मुले असतील आणि काठी तेही हाताळणार असतील, तर पहिली काठी फायबरग्लासचीच घ्या.

लांबी सात फुटांच्या आसपास असावी. त्याहून लांब काठीने आमिष दूर पडते हे खरे; पण काठी ही तरफ आहे आणि मासा दूरच्या टोकाला आहे. काठी जितकी लांब, तितका माशाचा जोर आपल्या मनगटावर अधिक. दोन तुकड्यांची काठी गाडीच्या फळीवर मावते. दुकानात तिला रीळ लावून, रिळाच्या थोडे पुढे एका बोटावर तोलून पाहा. नाक खाली घालणारी काठी दुपारपर्यंत तुमचा खांदा उतरवील. आणखी एक युक्ती : काठीच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर कडीला चीर आहे. ती चीर आज कापूस धरते, उद्या दोरा कापील.

रिळाच्या मुख्य जाती दोन. पहिलीत रीळ स्वतः फिरते आणि दोरा सुटतो. दातेरी चाकांची अशी रिळे अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, १८२० च्या सुमारास, जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने घडवली. ही अचूक नेम धरणाऱ्यांची आवडती. परंतु आमिष पाण्यात पडल्यावरही रीळ फिरत राहिले तर दोऱ्याचा असा गुंता होतो की, सगळा रविवार तो सोडवण्यात जावा. दुसऱ्या जातीत रीळ स्थिर असते आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. ते लोकरीच्या धंद्यातले गृहस्थ. सूत सुटताना पाहून त्यांना हे सुचले म्हणतात. नवशिक्याने ही दुसरी जात घ्यावी. खाडीवरून आल्यावर रीळ हळुवारपणे गोड्या पाण्याने पुसावे, नाहीतर मीठ त्याला वर्षभरात खाऊन टाकते.

पण रिळाचा प्राण आहे तो ड्रॅग. ही एक कळ असते. ती जितकी आवळाल तितका दोरा अडून सुटतो, सैल कराल तितका सहज. नवा माणूस ती करकचून आवळतो. मासा हातचा जाऊ नये ही त्यामागची तळमळ! पण जिताड्याने हिसका दिला की तोच दोरा तुटतो. शहाणा माणूस स्प्रिंगचा काटा आणतो, रद्दीवाल्याकडे असतो तसा, आणि दोऱ्याच्या टोकाला अडकवून ओढून पाहतो. दोरा दहा किलो ताण सोसणारा असेल तर अडीच-तीन किलोंवर रीळ सुटू लागले पाहिजे. मासा पळू लागला की पळू द्यावा. थकला की गुंडाळावे. पतंगाला ढील देणाऱ्या पोराला हे शिकवावे लागत नाही. वयात आलेल्या मुलांच्या आईबापांनीही ही कळ एकदा हाताळून पाहावी, असे मला वाटते.

जिताड्यासाठी करावयाचा फरक तो दोऱ्याच्या शेवटच्या हातभर तुकड्यात. या माशाच्या कल्ल्याची झाकणे धारदार असतात आणि ओठ खरबरीत. बारीक दोरा त्यावर घासून पटकन तुटतो. म्हणून मुख्य दोऱ्याच्या पुढे वीस-पंचवीस किलो ताण सोसणारा जाड नायलॉनचा तुकडा जोडतात. मासा हाताळतानाही बोटे त्या झाकणाखाली घालू नयेत.

जागेचे रिवाजही काठीइतकेच महत्त्वाचे. तळे कोणाचे ना कोणाचे असते. मालकाला विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे परसातला आंबा तोडणे. धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेली असते. तिथेही आधी विचारावे. रोह्याच्या वरच्या अंगाला कुंडलिकेत उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते; १९२७ पासूनचा हा क्रम. तिथून सुटले की कुंडलिका पाहता पाहता चढते. मघाशी ज्या खडकावर डबा उघडला तो खडक थोड्या वेळाने दिसत नाही. ही वेळ गावकऱ्यांना ठाऊक असते.

एवढे झाले म्हणजे काठी घेऊन झाली. परंतु ती जिताड्यावर धरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. हा मासा जन्मतः बहुधा नर असतो. काही वर्षे तो नर म्हणून काढतो आणि मीटरभर लांबीच्या सुमारास मादी होतो. म्हणजे ज्याच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यावेसे वाटते, तो धिप्पाड जिताडा बहुधा आई असते. तिची अंडी खाऱ्या पाण्यातच जगतात. गोड्या तळ्यात ती कितीही सुखात राहिली तरी तिथे वंश वाढत नाही. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली हा मासा बंदिस्त जागेत वाढवून त्याचे बीज तयार केले, आणि आता विकतचे बीज मिळते. परंतु आपल्या खारेपाटातल्या जुन्या रीतीच्या तळ्यांचा हिशेब सरळ आहे : तळ्यातल्या जिताड्याची आई खाडीत असते. तिने मुखापाशी अंडी घातली, पिले भरतीबरोबर चढली, तरच उघाडीवर कोणाच्या तरी हाती लागणार.

आणि खाडीचे दिवस बरे नाहीत. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या २०१८ च्या केंद्रीय यादीत कुंडलिकेचेही नाव होते. पाणी शुद्ध करणे तुमच्या-माझ्या काठीच्या आवाक्यातले नाही. पण आई सोडून देणे आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या खाड्यांत ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० हून मोठा जिताडा पाण्यात परत सोडावा लागतो. त्यांच्या ठरावीक धरणांत मात्र एखादा मोठा मासा नेता येतो, कारण तिथे त्याचा वंश वाढणारच नसतो. त्याच राज्यातल्या मॉन्डुरन धरणात २०१० साली ४४.६४ किलोंचा जिताडा गळाला लागला. या नियमात भाबडेपणा नाही, हिशेब आहे.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध आगरी गृहस्थांपुढे मी हा नियम मांडला. त्यांचे आयुष्य खाडीवर गेलेले. ते म्हणाले, ‘‘सर, सोडायचाच, तर धरायचा कशाला?’’

प्रश्न बरोबर होता. ज्याची चूल जाळ्यावर पेटते त्याला हा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. ‘‘काका, हे तुमच्यासाठी नाही. ज्यांचा पगार पहिल्या तारखेला होतो, त्यांच्यासाठी आहे.’’ ते हसले. मग थोड्या वेळाने आपणच म्हणाले, ‘‘आमचे आजे अंड्यावरची मोठी मासळी उघाडीवर धरीत नसत. बाहेर जाऊ देत. तेव्हा तुमचा नियम कुठे होता?’’

तेव्हा काठी घरी आणली की तिच्या अंगावर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. मुठीच्या बुडापासून एक ५८ सेंटिमीटरवर, दुसरी बरोबर मीटरावर. वरची खूण क्वीन्सलंडपेक्षा मी मुद्दाम आखूड ठेवली आहे. आपल्या खाड्यांत मोठ्या माद्या आधीच थोड्या. खाडीत मासा लागला तर हात ओले करून त्याला आडवा धरा, जबड्याला टांगू नका, आणि काठीशेजारी मापा. दोन खुणांच्या मधला मासा तुमच्या घरचा. आखूड भरला तर अजून वाढायचा आहे, लांब भरला तर पुष्कळांची आई आहे. दोघांनाही तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा, आणि शेपूट स्वतःहून हलली की हात काढून घ्या.