पोटावारी गडी आणि शिकाऊ शेतकरी

गुढीपाडवा जवळ येऊ लागला की मुखेड तालुक्यात गावोगावी सालाच्या बोलण्या सुरू होतात. जुना गडी राहणार की जाणार, नव्याने उचल किती मागितली, ज्वारी किती, कपडालत्त्याचे काय, ह्या गोष्टींची चर्चा पारावर रंगते. अलीकडे सालाचा आकडा लाखाच्या घरात बोलला जातो. ज्याची जमीन चार एकर, आणि तीही बहुतांशी कोरडवाहू, अशा शेतकऱ्याने ह्या बोलण्यांत भाग घेणे केव्हाच सोडून दिले आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर भरले. एवढ्या जमिनीवर बारमाही गडी पोसणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पेरणी आणि काढणी एकाच आठवड्यात सर्वांची येत असल्याने रोजंदारीवरही माणूस वेळेवर मिळत नाही.

दुसऱ्या बाजूस एक नवीनच विचारणा कानावर येऊ लागली आहे. शहरात शिकलेला पण आजोबांची जमीन कसण्याची इच्छा असलेला मुलगा, किंवा गावातीलच भूमिहीन घरातला, पुढे कोणाची तरी जमीन बटईने करावी असा मनोदय असलेला तरुण येतो आणि म्हणतो, “राहावयास जागा व दोन वेळचे जेवण द्या; मी शेतात राबतो, मला शेती शिकवा.” शेतकरी बंधू ह्याबाबत आमचे मत विचारतात. माझे मत असे की, ही देवघेव लहान शेतकऱ्याच्या हिताची आहे व तिचे स्वागत करावे. मात्र मुलाच्या कष्टाचा काही भाग जर ‘अनुभवा’च्या रूपाने फेडावयाचा असेल, तर तो अनुभव म्हणजे नेमके काय, हे आरंभीच ठरले पाहिजे आणि ज्वारीच्या पायलीप्रमाणे मापून दिले गेले पाहिजे. ते न झाल्यास ह्या देवघेवीला आपल्याकडे फार जुने नाव आहे. पोटावारी गडी हे ते नाव होय.

हे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. घरात खाणारी तोंडे अधिक झाली, अथवा बापाने घेतलेली उचल फिटली नाही, म्हणजे आठदहा वर्षांचे पोर मोठ्या शेतकऱ्याकडे गुरांमागे ठेवले जाई. दोन भाकरी, वर्षाकाठी अंगावर एक कपडा, आणि “पोरगा कामाला लागला, चार गोष्टी शिकला” हे समाधान. शिकत असे, हेही खरे. बैल जुंपणे, तिफण धरणे, पाभर चालविणे, आभाळ पाहून गंजी झाकणे, हे सारे त्याला येई. परंतु ह्या विद्येचा उपयोग करण्यास त्याच्यापाशी जमीन नसे, आणि विद्या आली म्हणून मजुरीही वाढत नसे. वाढे ती बापाच्या नावावरची बाकी.

आपला हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात, विशेषतः तेलंगणाच्या बाजूस, कर्जापोटी राबणाऱ्या गड्यास भागेला म्हणत. १९३६ साली संस्थान सरकारला ह्या करारांवर निर्बंध घालणारा नियम करावा लागला होता. स्वतंत्र भारतात १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा अधिनियम झाला व तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले गेले. त्याच्या व्याख्येत निरनिराळ्या प्रांतांतील प्रथांची नावेच दिली आहेत. त्यांत भागेला आहे, कर्नाटकातील जीता आहे, आणि नित-मजूर हेही आहे. तेलंगणा व कर्नाटक ह्या दोहोंना टेकून असलेल्या आपल्या मुलखाला ही नावे परकी नाहीत. पुढे १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. तेव्हा “जेवू घालतो, शिकवतोही, मग पैसे कशाचे?” हा प्रश्न विचारण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे की, कायद्याच्या दृष्टीने त्याचे उत्तर फारसे सोयीचे नाही.

श्रम देऊन अन्न घेण्यात मुळातच काही हीन आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. आपली इर्जिक आठवावी. एखाद्याचे रान नांगरावयाचे राहिले की शेजारीपाजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन जात, दिवसभर राबत आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवत. पैशाचा संबंध नसे आणि तरी कोणी कोणाचा पोटावारी नसे, कारण आज जो यजमान तोच उद्या दुसऱ्याच्या रानात राबणारा असे. सावडीचेही तेच. फिरून आपली पाळी येणार ही खात्री होती, म्हणून ती देवघेव बरोबरीची राहिली. शिकाऊ मुलाच्या बाबतीत ही पाळी येत नाही. त्याला परत मिळावयाचे ते शिक्षणाच्याच रूपाने, म्हणून त्याचा हिशेब ठेवणे अगत्याचे.

असा हिशेब ठेवता येतो, हे आपल्या राज्यात पूर्वीच सिद्ध झाले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांतील मुले शेतात व बागेत काम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलीत, आणि १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही रीतसर योजनाच झाली. तेथे मुलगा सकाळी कुदळ धरी, पण दुपारी वर्गात बसे, आणि वर्गाची ती वेळ कोणी कापीत नसे. परदेशातील उदाहरण द्यावयाचे तर इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कोपार्ड नावाच्या, लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या बाईंनी शहरातील काही मंडळींना शनिवार-रविवारी ससेक्स परगण्यातील एका सेंद्रिय शेतावर कामास नेले. त्यातून ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली व आज ती अनेक देशांत, भारतातही, चालते. तेथे साधारण रिवाज दिवसाला चार ते सहा तास कामाचा आहे. मोबदल्यात राहणे, जेवण व शिकणे. आमच्या कृषी विद्यापीठांतील पदवीचे विद्यार्थीही अखेरच्या वर्षी कार्यानुभवासाठी गावात जातात. कृषिदूत आणि कृषिकन्या ही नावे आता खेड्यांत रुळली आहेत. मीही असाच एका गावात हंगाम काढला. पुस्तकात वाचलेला वापसा म्हणजे काय, हे तेथील म्हाताऱ्याने ओल्या मातीचा मुटका माझ्या हातात देऊन तो फोडावयास लावला, तेव्हा कळले.

आता मुखेडच्या चार एकरांवर मुलास शिकवावयाचे काय? पुष्कळ शेतकरी संकोचाने म्हणतात की, आमच्या बरड रानात शिकण्यासारखे काय आहे? माझ्या मते नेमके तेथेच अधिक आहे. पाणी असलेल्या जमिनीवर चूक झाली तर पाणी देऊन सावरता येते. कोरडवाहूत प्रत्येक निर्णय वेळेचा असतो. सोयाबीनचेच घ्या. घरचे बियाणे गोणपाटावर मोजून शंभर दाणे ठेवून, गोणपाट भिजता ठेवून, उगवलेले दाणे मुलाने स्वतः मोजावेत. सत्तर अथवा अधिक उगवले तर एकरी ३० किलोचे प्रमाण पुरे. कमी उगवले तर किती वाढवावे, हे त्याने काढून दाखवावे. पहिल्या सरीला शेजाऱ्याची तिफण निघाली तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत आपण का थांबतो, हे त्याला त्याच वेळी सांगावे. नंतर सांगून उपयोग नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी का, कोळपे केव्हा घालावे, लाल कंधारी बैल उन्हाच्या कोणत्या वेळी सोडावेत, ह्या गोष्टी हातानेच शिकावयाच्या आहेत. शेवटी माल मोंढ्यावर नेताना त्याला बरोबर घ्यावे. ओलावा किती लागला, कडता किती गेला, हाती किती पडले, हे त्याच्या वहीत त्याच्या अक्षरात उतरले पाहिजे. ही शेवटची गोष्ट शेतकरी टाळतो. आपला तोटा परक्या पोराला दाखविणे त्याला नको वाटते. परंतु शेती शिकविणे म्हणजे हा तोटा दाखविणेही आले.

मुदतीविषयी माझा आग्रह आहे की साल बोलूच नये. मृगापासून दिवाळीपर्यंतचा हंगाम पुरेसा आहे. तूर पाहावयाची असेल तर पुढे संक्रांतीपर्यंत. उचल मुळीच देऊ नये आणि मुलाने घेऊ नये, कारण जाण्याची मोकळीक उचलीपाशी संपते. काम सकाळच्या चार तासांपुरते राहण्या-जेवणाच्या बदल्यात धरावे, आणि त्यापुढे, सुगीच्या घाईत, जितके तास तो राबेल त्यांचे पैसे गावच्या रोजाप्रमाणे त्याच आठवड्यात द्यावेत. शिवाय पाच गुंठे जागा त्याच्या मर्जीने पेरण्यास मोकळी सोडावी. पीक आले तर त्याचे, बुडाले तर तेही त्याचे. ‘पाच गुंठे वाया गेले’ असे वाटणाऱ्या शेतकऱ्याने शिकाऊ मुलगा ठेवू नये, रोजाने माणूस लावावा.

घरधनीण ह्या बोलण्यात कोठेच नसते, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. सालगड्याच्या भाकरी ठरत पुरुषांच्या बैठकीत आणि थापल्या जात चुलीपाशी. एक माणूस वाढला की दिवसाला पाच-सहा भाकरी, एक तांब्या चहा, एक घडा पाणी वाढते, आणि हंगामात ती बाई स्वतः खुरपणीला जात असते. म्हणून होकार प्रथम तिचा घ्यावा. मुलाने आपले ताट-वाटी व कपडे स्वतः धुवावेत, पाणी भरावे, आणि आठवड्यातून काही वेळा स्वयंपाकास हात लावावा, हे ठरवूनच घ्यावे. पूर्वी गड्याची थाळी वेगळी आणि बसण्याची जागाही वेगळी असे, ती का वेगळी होती हे सर्वांना ठाऊक आहे. शिकाऊ मुलगा कोणत्याही जातीचा असो, तो घरच्या पंक्तीस जेवेल. हे ज्या घरी शक्य नसेल त्या घरी आम्ही कोणासही पाठविणार नाही.

झोपण्याची व्यवस्था आखाड्यावर करावयाची तर जमिनीवर नव्हे, बाजेवर करावी आणि विजेरी द्यावी. पावसाळ्यात सापाचे भय खरे आहे. फवारणीचा पंप शिकाऊ मुलाच्या पाठीवर कदापि देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यांतील पुष्कळजण ह्या कामात मुरलेले होते. मळणी यंत्राच्या तोंडाशीही त्याला उभे करू नये. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे साहाय्य खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरते आहे. बाहेरून आलेला मुलगा तीत बसत नाही. त्यासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. वर्षाचा हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाखांचे संरक्षण, वयाची अट १८ ते ७०. ह्यावरून हेही उघड व्हावे की अठरा वर्षांखालील मुलास ह्या रीतीने ठेवावयाचेच नाही.

हे सारे एका कागदावर साध्या मराठीत लिहावे. मुदत, कामाचे तास, जादा कामाचा रोज, पाच गुंठ्यांची जागा, आणि हंगामात काय काय शिकवावयाचे त्याची यादी एवढे त्यात आले की पुरे. उचल शून्य असा स्पष्ट उल्लेख असावा. कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक शेतकऱ्याकडे, एक मुलाकडे आणि एक त्याच्या आईवडिलांकडे. दर पंधरवड्यास शिकविलेल्या बाबीपुढे दोघांनी सही करावी. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मागणी करावी. बोलणी पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकलेली बरी, कारण बियाण्याची उगवण तपासण्याचे काम मृगाच्या आधीचे आहे आणि मुलगा त्या वेळी आखाड्यावर हजर हवा.