वेळकाढूपणा पुरे, आता आकडा आणि तारीख सांगा

हा इशारा तिघांना आहे: फुजित्सू कंपनीला, लंडनमधल्या सरकारला आणि तिथल्या बड्या वृत्तपत्रांना. ब्रिटिश पोस्ट ऑफिसला वेगळं सुनावत नाही. ती कंपनी पूर्णपणे सरकारच्या मालकीची आहे. मालकाला सांगितलं की पुरे.

आम्ही कोण विचारणारे? ब्रिटनमध्ये राहणारे, कर भरणारे मराठी लोक. खिशात भारतीय पासपोर्ट असला तरी तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. दिवाळीच्या कार्यक्रमात समोसा खायला येणाऱ्या उमेदवारांना हे चांगलं ठाऊक असतं. आता त्यांना आमचे प्रश्नही ठाऊक व्हावेत.

१९९९ पासून पोस्ट ऑफिसने आपल्या शाखांत होरायझन ही संगणकप्रणाली बसवली. ती फुजित्सूची. गावातलं दुकान सांभाळून पोस्टाचा व्यवहार पाहणारे सबपोस्टमास्तर हिशोब जुळवायला बसत आणि पडद्यावर तूट दिसे. करारावर बोट ठेवून ती त्यांच्याच खिशातून वसूल होई. हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून सांगितलं तसं त्या एकेक बटण दाबत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन हजार पौंडांची तूट चार हजारांची झाली. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी असे ९१ फोन केले. उत्तर म्हणून पोस्ट ऑफिसने त्यांना कोर्टात खेचलं. वाद होता सुमारे २५ हजार पौंडांचा. २००७ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि कोर्टखर्चाचे ३ लाख २१ हजार पौंड त्यांच्या माथी बसले. माणूस दिवाळखोर झाला. पंचवीस हजारांसाठी कोणी तीन लाखांवर खर्च करतो तेव्हा त्याला पैसे वसूल करायचे नसतात, बाकीच्यांना धाक घालायचा असतो, असा आमचा समज आहे.

आणि सीमा मिश्रा. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट त्या चालवत. ७४ हजार पौंडांच्या चोरीचा ठपका ठेवून ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना पंधरा महिन्यांची कैद ठोठावली. त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. धाकट्याला त्यांनी जन्म दिला तो पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधलेल्या अवस्थेत. त्यांना दोषी ठरवल्यावर पोस्ट ऑफिसच्या वकिलाने खात्यात आनंदाचा ईमेल फिरवला: होरायझनवर शंका घेणाऱ्यांना आता चाप बसेल, असा त्याचा सूर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर पेढे.

अशा नऊशेहून अधिक लोकांना २०१५ पर्यंत शिक्षा झाल्या. त्यातले सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवले. पैसे आपले गेले म्हणणारा तोच, तपास करणारा तोच, आरोप ठेवणाराही तोच. कायदाही मदतीला धावून आला: संगणक नीट चालतो आहे हे आधी सिद्ध करण्याची अट इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली आणि यंत्र बरोबरच असणार हे गृहीत धरलं जाऊ लागलं. म्हणजे ज्या साली होरायझन आलं त्याच सालच्या कायद्याने त्याची उलटतपासणीही सुटली. तपासनिसांच्या कागदांत संशयिताच्या वंशाचे रकाने होते, त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वसाहतकाळातला शब्द छापलेला, आणि भारतीय-पाकिस्तानी असा एक वेगळा रकाना. हे कागद २०२३ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आले. आमच्या लोकांनी तो रकाना विसरू नये.

पोस्ट ऑफिसला कळलंच नव्हतं, ही मखलाशी आमच्यापुढे चालणार नाही. २०१३ च्या जुलैत त्यांच्याच बाजूच्या बॅरिस्टरने लेखी सल्ला दिला होता की फुजित्सूच्या तज्ज्ञ साक्षीदाराने ठाऊक असलेले दोष कोर्टापासून दडवले आहेत. तो कागद कपाटात गेला. प्रमुख पॉला व्हेनेल्स २०१९ पर्यंत खुर्चीवर राहिल्या आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांना सीबीई किताब मिळाला. त्या वेळी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स आणि त्यांचे साडेपाचशे सोबती हायकोर्टात झगडत होते. डिसेंबर २०१९ मध्ये ते जिंकले. तडजोडीचे ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मंजूर झाले, पण त्यातला बहुतेक वाटा खटल्यावर पैसा लावणाऱ्यांनी आणि वकिलांनी नेला. जिंकलेल्याच्या पदरात पडली ती चिल्लर.

या प्रकरणात वेळ हे हत्यार म्हणून वापरलं गेलं. फोन करा, वाट पाहा. अपील करा, वाट पाहा. चौकशी बसली आहे, वाट पाहा. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ रोजी आला. किमान तेरा जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं त्यात नोंदवलं आहे. भरपाईच्या रांगेत उभ्या उभ्या गेलेली म्हातारी माणसं वेगळी, ती शेकड्यांत मोजावी लागतात. गुन्हेगारी खटले २०२७ च्या आधी उभे राहणार नाहीत, असं पोलिसांनी २०२४ मध्येच सांगून ठेवलं. जो थांबतो त्याचा फायदा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून आम्ही मुदत घालत आहोत.

फुजित्सू, आधी तुम्ही. तुमच्या युरोपच्या प्रमुखांनी जानेवारी २०२४ मध्ये पार्लमेंटच्या समितीसमोर कबूल केलं की भरपाईत वाटा उचलणं ही कंपनीची नैतिक जबाबदारी आहे. दीड वर्षाने चौकशीचा अहवाल आला तेव्हाही तुमच्याकडून किती पौंड येणार हे गुलदस्त्यातच होतं. तोवर एक अब्ज पौंडांहून अधिक भरपाई वाटली गेली होती, ती करदात्यांच्या पैशातून, म्हणजे आमच्याही. सरकारी कामाच्या नव्या निविदा भरणार नाही म्हणालात आणि जुन्या करारांच्या मुदती वाढवून घेत राहिलात. आमच्या हिशोबी वाढवलेला करार हा नवाच करार. हा मजकूर छापून आल्यापासून तीस दिवसांत रक्कम जाहीर करा आणि ती कोणत्या तारखेला जमा होणार तेही सांगा. ‘अंतिम अहवालानंतर विचार करू’ हे उत्तर आम्ही नकार म्हणून वाचू. तुमचं मोठं केंद्र पुण्यात आहे. तिथल्या मुलामुलींचा या पापाशी संबंध नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजात भरतीला याल तेव्हा त्यांच्यातलाच कोणीतरी उठून विचारेल की दोष सापडला तर तो कोर्टात सांगायला कंपनी परवानगी देते का. उत्तर तयार ठेवा.

सरकारला सांगायचं ते थोडक्यात. संगणकाच्या पुराव्याबद्दल तुमच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये लोकांची मतं मागवली. मतं आली. आता यंत्र बरोबरच असं गृहीत धरणं बंद करणारं विधेयक चालू अधिवेशन संपायच्या आत मांडा. भरपाईच्या प्रत्येक अर्जाला निकालाची ठराविक मुदत बांधून द्या आणि ती चुकली तर अर्जदाराने मागितलेली रक्कम मान्य समजा. होरायझनच्या आधीच्या कॅप्चर या प्रणालीने नव्वदच्या दशकात ज्यांना लुबाडलं त्यांचं घोंगडं भिजत ठेवू नका. फुजित्सूने पैसे भरेपर्यंत एकाही कराराला मुदतवाढ देऊ नका. रांगेत थांबलेल्यांना नव्या समित्या नकोत.

वृत्तपत्रांनो, तुमच्यावर राग जास्त आहे, कारण तुमच्याकडून अपेक्षा होती. मे २००९ मध्ये कॉम्प्युटर वीकली या तंत्रज्ञानाच्या साप्ताहिकाने सात सबपोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी वेल्श भाषेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तो विषय उचलला. मूठभर लोकांच्या भाषेतल्या पत्रकारांना जे दिसलं ते लाखोंच्या खपाच्या दैनिकांना दिसलं नाही. प्रायव्हेट आय हे पाक्षिक आणि एकटादुकटा बातमीदार वर्षानुवर्षं खिंड लढवत राहिले. बीबीसी सरेच्या निक वॉलिस यांना धागा मिळाला तो सीमा मिश्रांच्या पतीकडून, आणि तेही ते टॅक्सीच्या कामासाठी बीबीसीकडे विचारणा करत होते म्हणून. मग १ जानेवारी २०२४ ला आयटीव्ही वाहिनीने या प्रकरणावरची चार भागांची मालिका दाखवायला घेतली. दहाव्या दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी शिक्षा सरसकट रद्द करण्याचा कायदा जाहीर केला. पंधरा वर्षं अर्ज, निकाल आणि पुरावे पडून होते. नटांनी रडून दाखवल्यावर तुम्हाला जाग आली. नटांचा दोष नाही, त्यांनी काम चोख केलं.

ज्यांनी या लोकांना चोर म्हणून छापलं, त्या प्रत्येक पत्राने तितक्याच मोठ्या टाइपात, त्याच पानावर दुरुस्ती छापावी. आतल्या पानावरची चार ओळींची दिलगिरी चालणार नाही. मुदत तीच, तीस दिवस.

एकतिसाव्या दिवसापासून आम्ही विनंतीपत्रं लिहिणं बंद करू. फुजित्सूशी करार असलेल्या प्रत्येक सरकारी खात्याकडे आणि कौन्सिलकडे माहिती अधिकाराचे अर्ज जातील: करार कितीचा, कधी संपतो, मुदतवाढीवर सही कोणाची. उत्तरं येतील तशी अधिकाऱ्याच्या पदासह प्रसिद्ध होतील. हॅरो, स्लाव, हाउन्स्लो, जिथे जिथे आमची घरं आहेत तिथल्या खासदाराला विधेयकावर मत कसं देणार हे लेखी विचारलं जाईल. लेखी उत्तर देणार नाही त्याचं नाव पुढच्या दिवाळीच्या निमंत्रणपत्रिकेवर नसेल, आणि मतपत्रिकेवर आमची खूणही त्याच्यासमोर नसेल.