रबरी बेडूक करा, पण आईच्या पातेल्यात नको



आज भातावर नाही, माशांवर लिहितोय. म्हणजे खरं तर प्लास्टिकवर. आमच्या किरकटवाडी-खडकवासल्याच्या बाजूला शनिवार-रविवारी रॉड घेऊन येणारी पोरं लई वाढलीत. पूर्वी ती पाकीटबंद रबरी ल्युअर विकत आणायची. आता त्यातली बरीचशी घरी ओतायला लागलीत. मोबाईलवर बघायचं, प्लास्टिसॉलची बाटली मागवायची, दुधाच्या पातेल्यात गरम करायचं, साच्यात ओतायचं. बांधावर बसून एकजण मला सांगत होता, "काका, अर्ध्या तासात वीस गांडुळं होतात." पातेलं कुठलं विचारलं तर म्हणतो, "घासून ठेवतो ना परत."

माझं भांडण ह्या पोराशी नाही. त्याला असं शिकवणाऱ्यांशी आहे. घरी ल्युअर करायला माझा विरोध नाही, उलट शंभर टक्के पाठिंबा आहे. पण "किचनमध्ये करा, एकदम सोपं" म्हणून जे शिकवतात, आणि "नदी तशी पण गटारच आहे, एका गांडुळानं काय होतंय" असं जे बोलतात, त्या दोघांना आज बोलणार आहे.

पाठिंबा का, ते आधी सांगतो, म्हणजे कुणी मला छंदाचा वैरी समजायला नको.

मरळ धरायची जुनी रीत म्हणजे जिवंत बेडूक गळाला टोचायचा. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावंच लागतं. गवताच्या कडेला बुडबुडा दिसला की तिथं बेडूक नाचवायचा. एका दिवसाला एकेकजण आठ-दहा बेडूक संपवतो. आता भात लावणाऱ्याला विचारा बेडूक काय असतो ते. रात्री खाचरात जो ओरडतो तो फुकटात फवारणी करत असतो. तुडतुडे, अळ्या, पतंग, सगळं खातो. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, ती निर्यात सरकारनं १९८७ साली बंद केली. बेडूक गेले की किडी वाढतात, ही ओरड तेव्हा होतीच. म्हणून रबरी बेडूक, रबरी गांडूळ ही गोष्ट मला पटते. एक रबरी बेडूक नीट वापरला तर चार महिने जातो, आणि माझ्या खाचरातले बेडूक वाचतात.

(जाता जाता: पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा तांबडा घोळका पाण्यावर दिसतो. खाली नर-मादी राखण करत असतात आणि पिल्लांजवळ काहीही आलं की तुटून पडतात. त्या घोळक्यातून ल्युअर ओढणं ही मासेमारी नाही, ती चोरी आहे. राखणदार गेला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. आमच्या ओढ्यावर हे करताना कुणी दिसला तर रॉड घेऊन माघारी जावं लागेल.)

आता स्वैपाकघर.

प्लास्टिसॉल म्हणजे काय? पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलासारखं रसायन. गार असताना दुधासारखं पांढरं दिसतं. गरम व्हायला लागलं की आधी पिठल्यासारखं घट्ट होतं, गाठी धरतं. इथं नवखा घाबरतो आणि आच वाढवतो. खरं तर हलवत राहायचं असतं. साधारण १७० ते १८० अंशांला ते पारदर्शक होऊन काकवीसारखं ओघळायला लागतं, तेव्हा ओतायचं. त्याच्या वर तापवलं की पिवळं पडतं, मग तपकिरी, मग धूर. तो धूर साधा नाही. पीव्हीसीत क्लोरीन असतं. करपलं की हायड्रोजन क्लोराईडचा वायू सुटतो, आणि तो नाकातल्या, छातीतल्या ओलाव्याला लागला की तिथं आम्ल तयार होतं. गॅसच्या शेगडीवर पातेल्याच्या बुडाला किती आच लागतीय हे कुणाला कळतंय? वरचं अजून दुधाळ आणि बुडाचं करपलेलं, असं होतं.

मऊ ठेवणारं जे रसायन, त्यात पुष्कळदा थॅलेट जातीचं असतं. युरोप-अमेरिकेत त्यातल्या काहींना लहान मुलांच्या खेळण्यांत बंदी आहे. ज्या पातेल्याला ते चिकटतं त्याच पातेल्यात सकाळी नातवाचं दूध तापवायचं? थॅलेट नसलेलं प्लास्टिसॉलही मिळतं. लेबल वाचा. औषधाच्या बाटलीवरचा लाल-पिवळा त्रिकोण बघायला शिकलो ना आपण, तसंच.

ह्यावर मला उत्तर मिळालं की ह्या धंद्याची सुरुवातच स्वैपाकघरात झाली. बरोबर आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीमनं १९४९ साली घरच्या चुलीवर खटपट करून पहिलं मऊ प्लास्टिकचं गांडूळ काढलं, आणि पुढं टेक्सासात टायलरला कारखाना घातला. मोठा माणूस. पण १९४९ सालची गोष्ट सांगताय तर हेही सांगा की त्याच काळात डीडीटीची पावडर माणसांच्या अंगावर, केसांत मारायचे, औषध म्हणून. तेव्हा केलं म्हणून आज करायचं का?

मी एवढा का चिडतो त्याला कारण आहे. "वासानं काय होतंय" हे वाक्य शेतकऱ्यानं लई महागात घेतलंय. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेतकरी होते, मजूर होते. मास्क नाही, हातमोजे नाहीत, तोंडाला रुमाल. रुमालानं वाफ अडत नाही. करोनातला निळा मास्कही अडवत नाही. तरीही प्लास्टिसॉल ओतताना पोरं तोच मास्क लावून फोटो टाकतात आणि खाली लोक लिहितात, सेफ्टी फर्स्ट!

मग करायचं कसं? माझ्या पुतण्याचा पोरगा आमच्या जुन्या गोठ्यात करतो, त्याच्याजवळ उभं राहून बघितलंय, ते सांगतो.

जागा उघडी पाहिजे, वारा आरपार. आमचा गोठा तीन बाजूंनी मोकळा आहे म्हणून परवानगी दिली. शेगडी विजेची, उघडी जाळ नाही. भांडं वेगळं, आणि त्यावर रंगानं फुली मारलेली, म्हणजे चुकून घरात जायला नको. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर तोही कायमचा गोठ्यातलाच, पुन्हा त्यात भाकरी गरम करायची नाही. तापमान बघायला लांबून मोजायची बंदूक मिळते, ती घ्या. पैसे वाचवायचे तर चमकीत वाचवा, ह्यात नको. तोंडाला कार्ट्रिजचा मास्क, तोही आम्लवायू आणि रसायनांची वाफ दोन्ही अडवणारा. डोळ्याला चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. नायलॉनचा टीशर्ट नको, गरम थेंब पडला तर कातडीलाच चिकटेल.

सगळ्यात मोठा वैरी पाणी. तापलेल्या प्लास्टिसॉलात पाण्याचा एक थेंब पडला तर फोडणीत ओली मिरची टाकल्यासारखं उडतं, फक्त हे तेल कातडीला चिकटून राहतं. म्हणून साचा कोरडा ठणठणीत हवा.

पहिला साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करा, आणि एका बाजूनं सपाट असलेल्या गांडुळाचाच करा. बेडूक, माशाच्या शेपटीचा प्रकार, ते पुढं. शाडूचं गांडूळ वळा किंवा एखादं विकतचं घ्या, खोक्याच्या तळाला चिकटवा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा आणि प्लास्टर ओता. घट्ट झालं की उलटं करून नमुना काढा. मग थांबा. गणपतीच्या कारखान्यात ओल्या मूर्तीला कुणी रंग देतो का? प्लास्टर वरून कोरडं वाटतं, आत पाणी असतं. चांगल्या उन्हात आठवडाभर ठेवा. श्रावणात हा उद्योग करूच नका, वाळणारच नाही. वाळल्यावर पातळ फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, नाहीतर प्लास्टरची भोकं प्लास्टिकला धरून ठेवतात आणि गांडुळाच्या अंगावर बुडबुडे येतात.

ओतल्यावर गार होईपर्यंत हात लावू नका. काढलं की सपाट जागेवर सरळ ठेवा, एक दिवस. वाकडं ठेवलं तर वाकडंच राहतं आणि पाण्यात गिरक्या घेतं. बिघडलेलं परत वितळवता येतं, पण दर वेळेला थोडं पिवळं पडतं, म्हणून गडद रंगाला वापरा. बुडायला पाहिजे असेल तर बारीक दळलेलं मीठ मिसळा, तेही आधी तव्यावर कोरडं केलेलं. तयार माल कुठल्याही कडक प्लास्टिकच्या डबीत कोंबू नका, रबरातलं तेल डबीला खातं आणि सगळा लगदा होतो. पिशवीत ठेवा, रंग वेगवेगळे.

आणि दोन गोष्टी अजिबात नाही. जुनी चप्पल, वायरचं वेष्टण, पीव्हीसी पाइपचे तुकडे वितळवून ल्युअर होते असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडा. पाइपात मऊ करणारं तेल नसतंच, तो वितळायच्या आधी जळतो, आणि जुन्या पाइपात शिसंही असायचं. दुसरं म्हणजे वजनासाठी घरात शिसं वितळवणं. लहान पोरं असलेल्या घरात तर नाहीच नाही.

एवढं करून तयार झालेलं गांडूळ शेवटी जातं कुठं? माझं खरं दुखणं इथं आहे.

विकतचं पाकीट दोन-तीनशे रुपयाला. ते अडकलं तर पोरगा गुडघाभर पाण्यात उतरून सोडवून आणायचा. घरचं अडकलं की तंगूस तोडतो आणि दुसरं लावतो, "घरचंच आहे." स्वस्त झालं की माणूस उधळा होतो. दोन वर्षांमागं गाळाची ट्रॉली आणून मी वावरात पसरली. धरणाचा गाळ म्हणजे आमचं सोनं, सरकारनं २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनाच काढलीय त्यासाठी. त्या गाळात पहिल्याच फळीला तीन रबरी गांडुळं निघाली, एकाला गळ तसाच. भात लावायला बायका अनवाणी उतरतात त्या चिखलात. गांडूळ पाहून मला आनंद व्हायला पाहिजे, मी शेतकरी आहे. हे गांडूळ माती करत नाही आणि स्वतःही माती होत नाही.

माशाच्या पोटात गेलं तरी तेच. अमेरिकेत ब्रुक ट्राउट माशांवर प्रयोग करून बघितला. मासे सुटी रबरी आमिषं आपणहून गिळतात, ती पोटात तशीच पडून राहतात, आणि माशाचं खाणं कमी होऊन वजन घटतं. मेन राज्यात २०१३ साली रबरी ल्युअरवर बंदीचं विधेयक आलं होतं. बंदी झाली नाही, पण मत्स्य खात्याला अभ्यास करायला लावला. तिकडं विधानसभेत बोलतात, आपल्याकडं बांधावर तरी बोलू.

"नदी गटारच आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, खडकवासल्याचं पाणी तुमच्या नळाला येतं ना? १८७९ सालचं धरण आहे, अख्खं पुणं त्यावर जगलंय. उरलेलं कालव्यानं दौंड-इंदापूरला जातं, तिथल्या उसाला, तिथल्या जनावरांना. शहरानं नदीचं गटार केलं म्हणून धरणातही टाकायचं, हा कुठला न्याय?

दुसरा टोमणा ठरलेला: "काका, तुम्ही शेतकरी मल्चिंग पेपर बांधावर जाळता त्याचं काय?" जाळणारे आहेत, खोटं कशाला बोलू. त्यांनाही मी ह्याच भाषेत बोलतो, ह्याच पानावर बोललोय, आणि भावकीतले दोघं त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण त्याचं पाप ह्याच्या पुण्याईत कसं जमा होतं ते सांगा.

"विरघळणारी मिळतात की" असंही ऐकलं. मिळतात, पण पाकिटावर लिहिलं म्हणून एका पावसाळ्यात माती होईल असं धरू नका. मल्चिंगच्या कागदावरही असंच लिहिलेलं असतं.

तर आमच्या बांधावरून मासे धरायला या. धरणात धरायचं असेल तर तिथं मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, त्यांना विचारून. आमच्याकडं येताना पिशवी उघडून दाखवायची, किती नग आणलेत. जाताना पुन्हा मोजायचे. कमी भरले तर कुठं अडकलं ते दाखवायचं, आमच्याकडं लांब बांबूची आकडी आहे, काढून देतो. घरी ओतणारा असेल तर त्यानं मोजताना लाजू नये, त्यानं तर प्रत्येक नग स्वतःच्या हातानं केलेला असतो.

विहिरीजवळच्या बाभळीला पत्र्याचा डबा टांगलाय. फाटलेली, तुटलेली रबरी ल्युअर त्यात टाका. पुतण्याचा पोरगा महिन्यातून एकदा गोठ्यात वितळवून काळी गांडुळं ओततो, मरळीला काळा रंग चालतो. गळ काढून टाका आणि तंगूस त्यात टाकू नका, मागच्या खेपेला सोडवता सोडवता अंधार पडला.