संपादकीय : दम



हा अंक उशिरा निघतोय. छपाईचे पैसे जामिनात गेले. ते कसे गेले हे सांगायचं काम माझं, कारण चूक माझी आहे.

नाक्यापलीकडच्या मैदानावर कबड्डीचे खुले सामने होते. आपलं मंडळ उपांत्य फेरीत पोचलं. कप्तान मी. शेवटची चार मिनिटं, आपण तीन गुणांनी पुढे. आपला सगळ्यात चपळ पोरगा चढाईला गेला. समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याची जात काढली. पंचाला आणि पुढच्या रांगेला ऐकू जाईल अशी काढली. मग आईवर आला. पोराच्या तोंडात कबड्डी-कबड्डी चालू होतं. ते थांबलं आणि त्याने शिवी परत केली. दम तुटला. पंचाने बाद दिला. पोराला ते ऐकूच गेलं नाही. त्याने त्या गड्याचं नाक फोडलं.

सामना गेला ते सोडा. रात्री आपली दोन पोरं लॉकअपात. चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या संध्याकाळी फिर्यादी आपण व्हायचे होतो. पण फुटलेलं नाक सगळ्यांना दिसलं, शिवी कुणालाच ऐकू आली नाही म्हणे. आता पोरगा आरोपी. गुन्हा दाखल म्हणून पोलिसांचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून गोदीचा पास नाही, पास नाही म्हणून घरात चूल नाही.

मी त्याला दोष देत नाही. महिनाभर पहाटे उठवून मी त्याचे पाय तयार केले, पकडीतून निसटायचं शिकवलं. समोरचे शिवी देणार हे मला ठाऊक नव्हतं काय? शाळेपासून ऐकत आलोय. तरी पोराचे कान मी तयार केले नाहीत. कप्तानाचं निम्मं काम मी केलंच नाही.

मनाचा विषय काढला की आपल्यातले काहीजण नाक मुरडतात. म्हणतात, ह्या पोट भरलेल्यांच्या गोष्टी. त्यांचं अर्धं बरोबर आहे. शांत राहा, सोसा, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच सांगितलं ज्यांचा पाय आपल्या मानेवर होता. तसली शांती त्यांनी आपल्या देवळात ठेवावी, आपल्याला नको. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिला, त्यात मनाला मधोमध जागा दिली. ती काय पोट भरलेल्यांसाठी?

महाड आठवा. २० मार्च १९२७. आपली माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली. मग गावात आवई उठवली गेली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. सवर्णांची टोळकी लाठ्या घेऊन मंडपावर आली आणि जेवत्या माणसांना झोडपलं. आपल्या लोकांत पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते. त्यांना मारता येत नव्हतं असं नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्यांना राग कमी होता असं कोण म्हणेल? पुढे हल्ला करणाऱ्यांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाली. आपण त्या संध्याकाळी नेमकं हेच घालवून बसलो.

त्याच डिसेंबरात दुसरी परिषद. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. हजारो लोक तळ्यावर जायला, तुरुंगात जायला तयार बसलेले. पण विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. बाबासाहेबांनी लोकांपुढे दोन्ही बाजू मांडल्या, चर्चा घडवली, आणि सत्याग्रह तहकूब करून गावातून मिरवणूक काढली. तापलेल्या हजारो लोकांना थांब म्हणायचं, आणि तरी त्यांचा विश्वास गमवायचा नाही, ही सोपी गोष्ट नव्हे. खटला दहा वर्षं चालला. १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. दम धरणं याला म्हणतात.

आता एका खेळाडूची गोष्ट. बाळू पालवणकर. चांभाराचा पोर. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबायचा, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचा. मग हिंदूंच्या क्लबाला त्याची गोलंदाजी हवी झाली. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तो चहा पोटात घेऊन त्याच मैदानात टप्पा धरून चेंडू टाकायचा, हे कसं केलं असेल? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी दिलं नाही. १९२० साली संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघ सोडून बाहेर पडले, आणि का पडलो ते जाहीरपणे लिहिलं. निवडणाऱ्यांना वाकावं लागलं, बाळू उपकप्तान झाला. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला आणि त्याच्या संघाने युरोपियनांना हरवलं. भांडायची जागा आणि वेळ त्या भावांनी स्वतः निवडली होती.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी होईल. १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. म्हणून म्हणतो, नुसतं थंड डोकं पुरत नाही. थंड डोक्याचा माणूस मालकालाही हवा असतो. ते डोकं कुणासाठी थंड ठेवलंय, हेही ठाऊक पाहिजे.

हे सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आपलं. दलित पँथर १९७२ साली उभी राहिली, १९७४ मध्ये फुटली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, त्यावर निकाल देणार नाही. पण आपल्या शाखेतली गेल्या वर्षीची फूट मी डोळ्यांनी पाहिली, कारण ती मीच पाडली. फलकावर माझं नाव खाली आलं. मी तडकून बैठकीतून उठलो, चारजण माझ्यामागे आले. तात्त्विक मतभेद वगैरे आम्ही नंतर रात्री बसून शोधून काढले. माझं मन दुखावलंय एवढं एक वाक्य बैठकीत बोलायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी शाखा मोडली.

माझा बा सांगायचा, गोदीतले जुने मुकादम पाळी सुरू होताना आधी चेहरे बघायचे. घरी भांडून आलेला, रात्रभर जागलेला, त्याला त्या दिवशी हॅचखाली उतरवायचे नाहीत. आता बहुतेक माल न्हावा-शेव्याला जातो, आम्ही कंत्राटी पोरं उरलेल्यावर. पण स्टीलची कॉईल क्रेनला लागली की आजही तेच. खालून हाताने इशारा देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसेल तर दुसराच गडी चिरडतो. आपल्या चळवळीत चेहरे कोण बघतो?

आम्ही एक सुरू केलंय. सरावाच्या शेवटी एक पोरगा चढाईला जातो आणि बाकीचे त्याला त्याच शिव्या देतात. जातीच्या, आईच्या, सगळ्या. त्याने दम सोडायचा नाही. नंतर गोल बसून प्रत्येकाने सांगायचं की कुठला शब्द कुठे लागला. पहिल्या दिवशी एकजण रडला. कुणी हसलं नाही.

शाखेतली एक ताई यावर भडकली. म्हणाली, “पोरांना शिव्या ऐकायची सवय लावतोस? ही तर गुलामीच झाली.” ताईचा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो. उत्तर एवढंच सापडलं : सवय लावली आणि पुढे काही केलं नाही, तर ताई बरोबर. म्हणून आता प्रत्येक सामन्याला आपले दोघेजण रेषेबाहेर वही घेऊन बसतात. कोण काय बोललं, किती वाजता, कुणी ऐकलं, सगळं लिहितात. चढाई पुरी करायची, रेषा ओलांडून परत यायचं, आणि मग थेट पोलीस ठाणं गाठायचं.

तो पोरगा अजून सरावाला येत नाही. मी दर रविवारी त्याच्या घरी जातो. त्याची आई चहा देते, तो बोलत नाही. मागच्या रविवारी त्याने एकच विचारलं, “वही कोण लिहितो?” मी म्हटलं, तू लिहिशील काय? त्याने उत्तर दिलं नाही. पण नाय म्हटला नाही.

खटल्याची तारीख लागलीय. ज्यांना जमेल त्यांनी दहा-वीस रुपये शाखेत आणून द्या. पैसे नसतील त्यांनी कोर्टाच्या दारात येऊन उभं राहा.

जय भीम!